पेन खाली

आमच्या बैठकीचा एक नियम होता. शेवटच्या अर्ध्या तासात मी पेन खाली ठेवायचं.

दर दोन महिन्यांनी सहा विभागांचे प्रमुख एका लांब टेबलाभोवती बसत आणि दिव्यांग माणसांना नोकऱ्या कशा मिळवून द्यायच्या हे एकमेकांकडून शिकत. कुणी कुणाचा वरिष्ठ नाही, कुणी परीक्षक नाही. एकाने सांगायचं, आमच्याकडे हे जमलं. बाकीच्यांनी विचारायचं, कसं जमलं. मी कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत असे. निवृत्तीनंतर मला परत बोलावलं ते अक्षरासाठी, असं सगळे म्हणत. मी बोलत नाही, हेही कारण असावं.

शेवटचा अर्धा तास चुकांचा. प्रत्येकाने आपली एक फसलेली गोष्ट सांगायची. ती लिहायची नाही, दाराबाहेर न्यायची नाही. कल्पना आमच्या विभागाच्या संचालक बाईंची. "लिहिलं जाणार म्हटलं की कुणी खरं बोलत नाही, नाना," त्या मला म्हणाल्या होत्या. मला ते पटलं होतं. मी स्वतः तर न लिहिताही फारसं खरं बोललेलो नाही.

गेल्या वर्षी बंदराकडच्या विभागाच्या साहेबांनी शीतगृहाचं सांगितलं. त्यांना सगळे बंदरवाले म्हणत. शीतगृहाच्या फलाटावर माल वाहणाऱ्या पट्ट्यांचा एवढा खडखडाट असतो, की चांगलं ऐकू येणारी माणसंही तिथे खुणांनीच बोलतात. मग ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना तिथे का घेऊ नये? त्यांनी बेचाळीस जणांना लावलं आणि वर्षभरात एकानेही काम सोडलं नाही. मी ते पानभर लिहिलं. 'बेचाळीस' अक्षरी आणि अंकी, दोन्ही.

मग बाई म्हणाल्या, "पेन खाली."

बंदरवाल्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला. बराच वेळ प्यायले नाहीत. त्यांनी सांगितलं, की थंड खोल्यांची दारं ठरलेल्या वेळी आपोआप लागतात. आधी एक मिनिट भोंगा वाजतो, माणसं बाहेर येतात. एक जण रॅकच्या मागे होता. त्याला भोंगा ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. आतून उघडायची मूठ असते, पण त्या दिवशी तिच्यावर बर्फ धरला होता.

"सापडला," साहेब म्हणाले. "पण उशिरा."

त्यानंतर त्यांनी प्रत्येक खोलीत लाल दिवा बसवला. भोंगा वाजला की तो उघडझाप करतो. पेन वर असताना ते या दिव्याबद्दल बोलले नव्हते. बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, दिवा कशाला? त्यामुळे माझ्या इतिवृत्तात बेचाळीस माणसं होती, दिवा नव्हता.

त्या पानाची नक्कल जोडून आमच्या बाईंनी पाच महिन्यांत आमच्याकडच्या शीतगृहात बारा जणांना लावलं. नमुना म्हणून जोडलेलं पान माझ्या अक्षरातलं, हे मला बारा जणांची यादी पाहताना आठवलं. यादीत सातवं नाव माझ्या पुतणीचं होतं.

तिला आम्ही चिऊ म्हणतो. एकतीस वर्षांची झाली तरी चिऊच. भाऊ गेल्यापासून वहिनी, चिऊ आणि मी असे तिघं एकत्र राहतो. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आतापर्यंत तीन ठिकाणी कामाला लागली आणि तिन्ही ठिकाणांहून 'कळवतो' म्हणून घरी पाठवलेली. चौथ्या ठिकाणचा जाड कोट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून ती पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात आली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अगं, कुठे निघालीस? चंद्रावर?" चिऊने ओठांवरून ओळखलं आणि बूट आपटत ओट्यापर्यंत चालून दाखवलं. आमच्या घरात एवढं हसणं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

आठवडा गेला. मग एका संध्याकाळी खुणांनी विचारलं, "खोलीत लाल दिवा आहे का गं?"

"कसला दिवा?"

"दार लागण्याआधी लागतो तो."

"पांढरे दिवे आहेत. कायम चालू." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "का?"

"सहज."

वहिनी भाजी निवडत होत्या. चिऊ आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमचं 'सहज' मला माहीत आहे. तिच्या वाटेत आता काही आणू नका हं. हात जोडते."

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या खोलीत गेलो. दारात दोनदा घुटमळलो. त्यांनीच आत बोलावलं.

"दिव्याचं ना?" मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या. "मी मागितलाय. कंपनी विचारते, कशासाठी? इतकी वर्षं भोंग्यावर चाललंय की. काय सांगू?"

"बंदराकडचं..."

"ते सांगता येत नाही. शब्द दिलाय. आणि सांगितलं तर काय होईल? एका दिव्याचा त्रास नको म्हणून बाराच्या बारा जणांना घरी बसवतील. तुमची पुतणीही त्यात आली." त्यांनी फायलीवर हात ठेवला. "पुढच्या वर्षीच्या कामांत घालते. तोवर नीट चालू द्या, नाना."

त्या खोटं बोलत नव्हत्या. उत्तर मला साधारण घरी पोहोचल्यावर सुचतं, आणि तेही बरोबर असेल याची खात्री नसते.

त्यानंतरच्या बैठकीत, आमच्यात नव्यानेच आलेल्या दुसऱ्या एका विभागाच्या चष्मेवाल्या साहेबांनी त्यांच्याकडच्या पॅकिंगच्या कारखान्याचं सांगितलं. उभं राहून पाय भरून येतात म्हणून त्यांनी जमिनीवर जाड रबरी मॅट घातल्या, आणि कामावर न येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. "पायांखाली गादी, डोक्यात शांती," ते म्हणाले. सगळे हसले. मीही लिहिता लिहिता हसलो. चांगली कल्पना, असं मनात आलं.

माझ्या मनातून ती बर्फ धरलेली मूठ मात्र जात नव्हती. शेवटी एका सुट्टीच्या दुपारी मी चिऊला सगळं सांगितलं. आमचा नियम मोडला. खुणा चुकत होत्या.

"काका, तुमचे हातसुद्धा अडखळतात," ती म्हणाली. मग तिचा चेहरा गंभीर झाला. "तो कोण होता?"

"नाव सांगितलं नाही त्यांनी."

ती उठली. माझा हात धरून मला कपडे धुण्याच्या मशीनपाशी घेऊन गेली. मशीन सुरू केलं. मला चपला काढायला लावल्या.

"पायांना कळतंय?"

फरशी बारीक थरथरत होती.

"दार लागण्याआधी वरचे मोठे पंखे सुरू होतात," तिने सांगितलं. "भोंग्याबरोबरच. रॅकच्या मागे वारा लागत नाही, पण जमीन लोखंडी पत्र्याची आहे. बुटातून कळतं. आम्ही बाराही जणांनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं. रोज सव्वाअकराला आणि सव्वाचारला. जमीन बोलली की बाहेर."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं?" ती म्हणाली. "सारखे पाहुणे येतात. फोटो काढतात, अंगठे वर करतात. आम्हीही अंगठे वर करतो."

त्या रात्री मला शांत झोप लागली. आज त्या झोपेची लाज वाटते.

कालची बैठक दहाला सुरू झाली. बाई खुशीत होत्या. चष्मेवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "तुमचा धडा आम्ही गिरवला बरं का. शीतगृहाचा व्यवस्थापक कुरकुरत होता, पण तयार केला. आज सकाळीच तिन्ही थंड खोल्यांत मॅट घातल्या. चांगल्या बोटभर जाड. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"वा! आता आमचं नाव द्या मॅटला," चष्मेवाले म्हणाले.

मी लिहीत होतो. 'तिन्ही थंड खोल्यांत' इथपर्यंत आलो आणि माझ्याच अक्षराकडे पाहत राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती.

पहिल्यांदा वाटलं, आपलं काहीतरी चुकत असेल. पत्र्याची थरथर रबरातूनही येत असेल. व्यवस्थापकाने विचार केला असेलच. इतकी शिकलेली माणसं बसली आहेत. अकरा दहा. बंदरवाल्यांनी पाण्याचा पेला उचलला, आणि मला त्यांचे दोन्ही हात दिसले.

"मॅट काढायला सांगा," मी म्हणालो.

बहुतेक कुणाला ऐकूच गेलं नाही. मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली.

"मॅट काढायला सांगा. आत्ता. सव्वाअकराला दारं लागतात. त्यांना भोंगा जमिनीतून कळतो, पायांना कळतो. आता कळणार नाही."

"नाना, बसा," बाई म्हणाल्या. "आपण शेवटच्या अर्ध्या तासात..."

"शेवटच्या अर्ध्या तासात नाही. दिवा नाही तिथे. बंदराकडच्या साहेबांनी दिवा का बसवला ते या नव्या साहेबांना सांगा कुणीतरी. पेन माझ्या हातात आहे आणि मी विचारतोय."

चष्मेवाल्यांना काही कळलं नव्हतं, त्यांचं हसू तसंच अर्धवट चेहऱ्यावर राहिलं होतं. बाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, जणू चाळीस वर्षं जागेवर असलेलं कपाट अचानक चालायला लागलं.

बंदरवाल्यांनी पेला खाली ठेवला. "माझा माणूस गेला तशाच खोलीत," ते म्हणाले. "बाई, फोन लावा. लावा ना!"

बाईंनी फोन लावला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. घंटी वाजत राहिली. थांबली. पुन्हा लावला. घड्याळाचा काटा सव्वाअकरावर आला आणि पुढे सरकला. मी खुर्चीची पाठ धरून उभा होतो. वहिनींना काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्य 'सहज'पाशी येऊन थांबत होतं.

"हां, बोला मॅडम," व्यवस्थापकाचा आवाज आला. मागे पट्ट्यांचा खडखडाट.

"दारं लागली?"

"लागली की, आत्ताच. का?"

"आपली बारा माणसं बाहेर आहेत का बघा."

"असतील मॅडम. चहाला गेली असतील."

"मोजा!" मी ओरडलो. हा आवाज माझाच आहे हे मला जरा उशिरा कळलं.

"कोण बोलतंय? बरं बरं, मोजतो." खडखडाट मोठा झाला. तो चालत होता. पुटपुटत होता. सात. आठ, नऊ. दोघं जिन्यावर. "अकरा दिसताहेत."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"बारावं कोण?" बंदरवाले म्हणाले. "दारं उघडा आधी. तिन्ही उघडा!"

"थांबा, थांबा. तीन नंबर उघडंच राहिलंय. आमची ती उंच पोरगी. दारात उभी आहे अडवून, लागूच देत नाहीये. अहो, हिने मॅट उपटलीय मॅडम! आख्खी पट्टी ओढून बाहेर फेकलीय फलाटावर. नवीकोरी! मघाशी बाकीच्यांना हाताला धरून बाहेर काढत होती, आता हातवारे करतेय, आम्हाला काय कळतंय त्यातलं?"

पडलेली खुर्ची कुणीतरी उचलून माझ्या मागे सरकवली. चष्मेवाले असावेत. चिऊ उंच आहे, भावावर गेली आहे.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "कुणाला काही झालेलं नाही ना?"

"काय होणार? पण असं चालायचं नाही मॅडम. दार अडवलं तर गारवा जातो, माल खराब होतो. वर कळलं तर सगळ्यांनाच काढा म्हणतील. तुम्ही काळजी करू नका, चारच्या आत मॅट खालून चिकटवूनच टाकतो. परत उपटायची नाही कुणाला. आणि तिला आज समज देतो."

टेबलाभोवती सुस्कारे निघाले होते ते अर्ध्यात थांबले. सव्वाचारला अजून पाच तास होते.

बाईंनी फोनवर हात ठेवला, आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. रागाने नाही. थकलेल्या होत्या. बारा माणसांचा विचार त्या तेव्हाही करत असाव्यात, असं मला आजही वाटतं.

"नाना," त्या हळू म्हणाल्या. "पेन खाली."

पेन माझ्या हातातच होतं. शाईचा एक थेंब 'खोल्यांत'वर पडून पसरला होता. मी पान उलटलं, वर तारीख घातली, वेळ घातली, आणि फोनच्या दिशेने वाकलो.

"व्यवस्थापक साहेब," मी बाईंच्या हाताच्या वरून म्हणालो, जमेल तेवढ्या मोठ्याने. "शेवटचं परत सांगा. जरा हळू. मी लिहितोय."

बाईंनी हात काढला नाही. मग काढला.