भैरवगढच्या कापडाचा ड्रेस

साडेनऊ वाजता तेजस्विनीने तो ड्रेस तिसऱ्यांदा अंगात चढवला आणि आरशासमोर उभी राहून स्वतःवरच चिडली. सदतीस वर्षांच्या बाईला ऑफिसला जाताना काय घालावं हे कळू नये, याची तिला लाज वाटत होती. ड्रेस मरून रंगाचा. त्यावर तळहाताएवढी मोहरी रंगाची फुलं, आणि रंगवताना मेण तडकल्यामुळे फुलांवर उमटलेल्या बारीक काळ्या रेघा. भैरवगढच्या बाटिक छपाईची ती खूणच. दोन आठवडे ती रोज कपाट उघडून त्याला नुसता हात लावून बघत होती. घरात घालायला काही अडचण नव्हती. घोडं अडलं होतं ते ऑफिसवर.

ऑफिस म्हणजे सरकारच्या पाणीपुरवठा खात्याचं जिल्हा कार्यालय. तिचा नवरा अमोल तिथे अकरा वर्षं बाबू होता. अडीच वर्षांपूर्वी तो हार्ट अटॅकने गेला, आणि पुढे त्याच्या जागी तिला अनुकंपा नियुक्ती मिळाली. तिथे कुणी तिला वाईट वागवलं असं नाही. उलट इतकं चांगलं वागवलं की तिला जीव नकोसा झाला. लहानथोर सगळे तिला भाभीजी म्हणत. ती खोलीत शिरली की हसणं थांबायचं आणि आवाज खाली यायचे. तिला खिडकीजवळचं टेबल दिलं होतं, चालणारा पंखा दिला होता आणि आवक-जावक रजिस्टर दिलं होतं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा. चौदा महिन्यांत एकदा तिच्या हातून दोन पत्रांची पाकिटं अदलाबदल झाली, तर बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, ते प्रकरण गुपचूप निस्तरलं आणि वर तिलाच पाणी हवं का विचारलं. कपडेही मग तिने तसेच निवडले. राखाडी, बिस्किटी, फिकट निळे. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, पण न सांगता कळतात अशा गोष्टी बायकांना फार लवकर कळतात.

आज अकरा वाजता साहेबांची मीटिंग होती. सिंहस्थाच्या तयारीसाठी पंचक्रोशी यात्रेच्या वाटेवरचे हातपंप तपासायला चार जणांचं पथक जाणार होतं. तेजस्विनीनेही अर्ज दिला होता. यादी बडे बाबू करणार होते, आणि अर्ज हातात घेऊन ते म्हणाले होते, "भाभीजी, आप कहाँ धूप में परेशान होंगी. हम हैं ना." आज नाव लागलं नाही तर रिटायर होईपर्यंत शिक्केच मारत बसायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. राखाडी कपड्यांतल्या बिचाऱ्या भाभीजींना उन्हात कोण धाडणार? पण एवढाली फुलं अंगावर घेऊन गेलं तर लोक पंपांचं सोडून भलताच विचार करायचे.

ती बाहेरच्या खोलीत आली. सासूबाई, म्हणजे शैलाताई, मेथी निवडत बसल्या होत्या.

"आई, बघा ना जरा."

शैलाताईंनी चष्मा वर सरकवला. "छान आहे गं. शोभतोय तुला."

"मग जाऊ घालून?"

"ऑफिसला?" शैलाताईंनी दोन काड्या मोडल्या. "लोक काय म्हणतील असं मी नाही म्हणणार, तेजू. पण लोक म्हणतील. जरा चटक रंग आहे. संध्याकाळी टावर चौकात फिरायला वगैरे जाशील तेव्हा घाल की."

"मी कधी जाते टावर चौकात फिरायला?"

"ते पण आहेच," शैलाताई म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

तेरा वर्षांची ऋचा सोफ्यावर मांडी घालून पोहे खात होती. तिने एकदाच मान वर केली. "मम्मी, हा प्रिंट तर जयूमावशीकडे पण आहे."

"जयूकडे असा ड्रेस आहे?"

"ड्रेस नाही, चादर. त्यांच्या पलंगावर आहे, सेम टू सेम. मी झोपले आहे त्याच्यावर."

शैलाताई उठल्या. त्यांनी ड्रेसची कड अंगठ्याने चाचपली, उलटी करून पाहिली आणि तोंडाला पदर लावला. "अगं बाई, चादरच आहे ही. तरी मी म्हणते, कापड इतकं दमदार कसं."

तेजस्विनी मटकन खुर्चीत बसली. तिला भैरवगढचा तो म्हातारा छपाईवाला आठवला. दोरीवर वाळत घातलेल्या त्या कापडाकडे तिने बोट दाखवलं होतं आणि तो म्हणाला होता, "बहनजी, ये तो..." तेवढ्यात त्याची नजर आपल्या मोकळ्या कपाळावर गेली, असं तिला वाटलं. तिच्या डोक्यात सणकच गेली. "मुझे यही चाहिए," असं म्हणून तिने त्याला पुढचं बोलूच दिलं नाही. तो बिचारा त्याच्या धंद्यातली साधी गोष्ट सांगत होता, आणि ही मनातल्या मनात सगळ्या जगाशी भांडत होती. भांडून घरी काय आणलं, तर पलंगावरची चादर.

"टेलरने पण नाही सांगितलं?" ऋचाने विचारलं.

"त्याला वाटलं असेल, हिला माहीत आहे," शैलाताई म्हणाल्या. त्यांचं हसू अजून आवरत नव्हतं.

तेजस्विनीने आत जाऊन राखाडी ड्रेस घातला, डबा उचलला आणि स्कूटर काढली. देवास गेटच्या गर्दीत एका बसमागे ती अडकली आणि तिथे थांबल्या थांबल्या तिला सगळी मीटिंग दिसली. बडे बाबू उठून तिला खुर्ची देतील. चार नावं वाचतील. मग मऊ आवाजात म्हणतील, भाभीजी, आपके लिए चाय मँगवाऊँ? चहाच्या त्या नुसत्या कल्पनेने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बस हलायच्या आत तिने स्कूटर वळवली.

तीन जिने चढून ती धापा टाकत घरात शिरली आणि पाच मिनिटांत फुलं घालून बाहेर आली. शैलाताईंनी तिच्या पाठीची चेन वर ओढून दिली.

"जा आता," त्या म्हणाल्या. "परत वर आलीस तर दार उघडणार नाही."

ऑफिसात पोचायला पावणेअकरा झाले. ती शिरली आणि खोली नेहमीसारखी गप्प झाली. बडे बाबूंनी फुलांकडे पाहिलं, पटकन नजर खाली घेतली आणि आजाऱ्याशी बोलावं तसे बोलले. "आज घर में कोई प्रोग्राम है, भाभीजी?"

"जी नहीं."

पलीकडच्या टेबलावरच्या अलकाजी पन्नाशीच्या, आणि मनात आलेलं पोटात ठेवणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्या उठून जवळ आल्या आणि त्यांनी बाहीचं कापड दोन बोटांत धरलं. "बुरा मत मानना भाभीजी, ये चादर है क्या? हमारे डबल बेड पे यही बिछी है."

कुणीतरी खोकलं. बाकीच्यांनी माना फाइलींत घातल्या. तेजस्विनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नाही म्हणता आलं असतं. पण सकाळपासून कपडे बदलून बदलून तिच्यात आता खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं.

"हाँ, चादर ही है," ती म्हणाली. "मुझे पता नहीं था. आज सुबह बेटी ने बताया."

"फिर भी पहन के आ गईं?"

"अब सिल गई तो क्या करती."

अलकाजींच्या नाकातून हसू फुटलं. कोपऱ्यातला विहंग हा ऑफिसातला सगळ्यात तरुण इंजिनियर. त्याच्या तोंडून निसटून गेलं, "और तकिये के खोल?" बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला आणि त्याने घाबरून बडे बाबूंकडे पाहिलं.

"वो रखे हैं," तेजस्विनी म्हणाली, "तुम्हारी शर्ट के लिए."

खोली हसली. चौदा महिन्यांत पहिल्यांदा ही खोली तिच्यासमोर हसली, आणि तेही तिलाच. तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला इतकं बरं वाटलं की आपल्याला याची किती भूक होती हे तिला तेव्हा कळलं.

मीटिंगमध्ये बडे बाबूंनी यादी वाचली. विहंग, विनायक, माणिकलाल आणि एक ड्राफ्ट्समन. चार नावं झाली आणि त्यांनी कागदाची घडी घातली. तेजस्विनी उभी राहिली.

"सर, मैंने भी अर्ज़ी दी थी."

"सर, भाभीजी को इतनी धूप में..." बडे बाबूंनी सुरुवात केली.

"बडे बाबू," ती म्हणाली, "आप अमोल के दोस्त हैं. घर आइए, भाभीजी कहिए, मैं पोहा खिलाऊँगी. यहाँ मेरी अर्ज़ी पढ़िए."

साहेब तीन महिन्यांपूर्वीच बदलून आले होते. अमोलला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "अर्ज़ी में कोई कमी है?"

बडे बाबूंचा चेहरा उतरला. "कमी तो कुछ नहीं, सर."

"तो पाँच लोग जाएँगे. नाम लिखिए."

बडे बाबूंना ते लागलं. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी एक जाडजूड फाइल तिच्या टेबलावर आपटली. "करोहन से नलवा, इकसठ हैंडपंप. चार बजे तक साफ़ लिस्ट बनाकर दीजिए. और आवक-जावक भी आप ही देखेंगी."

चारला जेमतेम पाच मिनिटं असताना तिने लिस्ट नेऊन दिली. बडे बाबूंनी नंबरांवरून बोट फिरवलं आणि त्यांचा आवाज चढला. "ये साठ हैं. एक पंप कहाँ गया? ज़मीन खा गई? गिनना नहीं आता तो फ़ील्ड का शौक क्यों है? ले जाइए, ठीक करके लाइए."

सगळ्या खोलीसमोर, आणि भाभीजी न म्हणता. ती मान खाली घालून जागेवर येऊन बसली. अमोल महिन्यातून एकदा तरी असाच बोलणी खाऊन घरी यायचा आणि चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बडे बाबूंची नक्कल करायचा. ती कणीक मळता मळता हसायची, आणि मनात म्हणायची, एवढंसं तर बोलले, त्यात काय. आज तिच्याकडे सांगायला अगदी तसंच होतं, शब्दन् शब्द, नकलेसकट. ते कळेल असा एकच माणूस होता आणि तो घरी नव्हता.

तिने ओढणीने डोळे पुसले, फाइल पुन्हा पहिल्या पानावर आणली आणि राहिलेला पंप शोधायला लागली.