डॅशबोर्डखालची काळी डबी

“तारीख चुकवायची नाही. गाडीत कोण बसलंय, ते बघायचं नाही. कळलं?”

ट्रूमन नावाच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने माझा शेवटचा स्क्रू आवळताना हे सांगितलं. तो पान्यांशी बोलायचा, टायरांशी बोलायचा, तेव्हा माझ्याशी बोलला यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की मला ते ऐकू आलं.

मित्रांनो, मी एक जुनी काळी डबी आहे. आकाराने साबणाच्या वडीएवढी. गाडीच्या डॅशबोर्डखाली, चालकाच्या गुडघ्यांपाशी मी राहते. मला हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे आहेत. ज्या माणसाचं दिवाळं निघतं, त्याला बँका दारात उभं करत नाहीत. पण मिसिसिपी नदीच्या काठच्या आमच्या गावात गाडीशिवाय कामावर जाता येत नाही, आणि कामाशिवाय गेलेली पत परत येत नाही. अशांना गावाबाहेरचा जुन्या गाड्यांचा व्यापारी हप्त्यांवर गाडी देतो. व्याज जबर. वर गाडीच्या पोटात मला बसवतो. हप्ता भरला की मी हिरवी. तारीख जवळ आली की पिवळी, आणि किल्ली फिरवताच टीं टीं करणारी. तारीख टळली की ऑफिसातून हुकूम येतो, मी लाल होते, आणि मग काही केल्या इंजिन सुरू होत नाही.

माझं फार कौतुक झालं. वसुलीला माणूस ठेवायची गरजच उरली नाही, असं व्यापारी सगळ्यांना सांगायचा. मीही फुशारले होते.

मी माणसांना त्यांच्या पायांवरून ओळखते. माझ्या जागेवरून मांडीच्या वर फारसं दिसत नाही. माझा पहिला चालक ऑर्व्हिल नावाचा गवंडी होता. त्याच्या बुटांवर सिमेंट वाळलेलं असे. आठ महिने तो पिवळ्या दिव्यातच जगला. जानेवारीतल्या एका सकाळी मला हुकूम आला आणि मी लाल झाले. ऑर्व्हिलने किल्ली अकरा वेळा फिरवली. मग स्टेअरिंगवर डोकं टेकून मला म्हणाला, “शुक्रवारी देतो ना. शुक्रवारी पगार आहे.”

मी डबी. मला शुक्रवार कळत नाही, तारीख कळते.

त्याने दार उघडलं, तसं धुकं आत शिरलं आणि पेडलांपाशी गोळा झालं. सिमेंटचे बूट त्या धुक्यात उतरले. दार त्याने लावलंच नाही. चार दिवसांनी गाडी ओढून न्यायला दोघे आले, तेव्हा एक दुसऱ्याला सांगत होता, की माणूस हमरस्त्याने चालत गेला तो गेलाच. कामावर पोचला नाही आणि घरीही आला नाही.

मित्रांनो, धुक्यात एकटं चालणारं कुणी दिसलं, तर गाडी हळू करा. एवढंच माझं मागणं आहे. ते मी इथेच मागून घेते, कारण पुढे बोलायला मला धीर होईल की नाही, सांगता येत नाही.

ट्रूमनने मला त्या गाडीतून काढून एका राखाडी गाडीत बसवलं. ही गाडी वर्नेल हॅडली हिने घेतली. पायात पांढरे बूट, रोज पुसलेले. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करायची. तिचा नवरा क्लिऑन तीन वर्षं अंथरुणाला खिळून होता आणि मग वारला. दवाखान्याची बिलं एवढी झाली, की शेवटी तिने कोर्टात जाऊन हात वर केले. कोर्टाने सगळी देणी पुसली, पण पतही पुसली गेली. आता चोवीस हप्ते, एकही न चुकवता. दर हप्त्याची खबर वर, लोकांची पत मोजणाऱ्या कंपनीकडे, जाणार आणि तिच्या नावापुढचा आकडा मुंगीच्या पावलाने चढणार. एक जरी चुकला, तर गाडी जाणार, गाडीमागून काम, आणि नाव पुन्हा तळाला.

पहिल्याच सकाळी तिने किल्ली लावली. अजून फिरवलीही नव्हती, तोच माझ्या आतून आवाज आला : किल्ली फिरल्याचा. कर्रर्र. पुन्हा कर्रर्र. मी मोजत राहिले. अकरा झाले आणि आवाज थांबला. मला कुणी हुकूम दिला नव्हता. ट्रूमनने मला दोनदा उघडून पाहिलं आणि आत काही बिघाड नाही म्हणून सांगितलं.

धुक्याच्या दिवशी हे हमखास व्हायचं. दुसरी कुणी असती तर गाडी परत करून आली असती. वर्नेल मात्र मांडीवर हात ठेवून अकरा आवाज संपेपर्यंत थांबायची, हळूच “आमेन” म्हणायची आणि मग किल्ली फिरवायची. जणू पुढे कुणी तरी रस्ता ओलांडत होतं आणि त्याला वाट द्यायची होती.

तिचा एक नेम होता. दर महिन्याच्या पाच तारखेला ती सकाळीच हप्ता भरायची आणि पावती हातात येईपर्यंत तोंडात कॉफीचा घोटही घ्यायची नाही. पावत्या ती गाडीतल्या बायबलमध्ये ठेवायची. चर्चमधल्या बायकांना ते ठाऊक होतं. एका रविवारी खिडकीपाशी एक जाडसर आवाज आला. ती इमोजीन, अंत्यविधीचं काम करणाऱ्या लेम्युएल स्टोक्स यांची बहीण. ती शेजारणीला म्हणाली, “बघ, ऐट बघ बाईची. नवऱ्याला आमच्याकडून फुकट पुरून घेतलं, आणि स्वतः गाडीतून फिरते.”

वर्नेलने काच खाली केली. “फुकट नाही, इमोजीन. उशिरा.”

कारण कोर्टाने पुसलेल्या देण्यांत क्लिऑनच्या पेटीचे आणि दफनाचेही पैसे होते. स्टोक्सनी ते काम नुसत्या शब्दावर केलं होतं.

एकोणिसाव्या महिन्यात, सहा तारखेला सकाळी, मला हुकूम आला आणि मी लाल झाले. हप्ता तर आदल्या दिवशीच भरला होता. मी तो पावतीचा कागद बायबलमध्ये सरकताना ऐकला होता. पण मित्रांनो, माझं ऐकणारं कोण आहे? बाहेर दाट धुकं. माझ्या आत कर्रर्र सुरू झालं. अकरा होईपर्यंत वर्नेल थांबली, “आमेन” म्हणाली, आणि तिने किल्ली फिरवली. गाडी ढिम्म.

तिने पावती काढून माझ्यासमोर धरली. पोस्टमास्तराला पत्ता दाखवावा तशी.

“बघ बाई. भरलेत मी. मिसेस पर्डी एक्याण्णव वर्षांच्या आहेत. मी गेले नाही तर त्यांना पलंगावरून कोणी उठवायचं?”

मी लालच राहिले. मग दार उघडलं. धुकं पेडलांपाशी आलं आणि पांढरे बूट त्यात उतरले. बाईने दार मात्र नीट लावलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती कळली. दुपार झाली. माझ्या आतला आवाज अकरावर न थांबता बारा, तेरा, चौदा असा मोजत राहिला.

संध्याकाळी शेजारी एक जड गाडी येऊन उभी राहिली. वर्नेलचा आवाज आला, ट्रूमनचा आला, आणि एक तिसरा, सावकाश बोलणारा. ट्रूमनने दार उघडून मला हुकूम पोचवला, तशी मी हिरवी झाले. हसू दाबत तो सांगू लागला, की ऑफिसातल्या पोरीने पावतीची नोंदच केली नव्हती. “पण वर्नेल दारात शववाहिकेतून उतरली ना, तशी त्या पोरीच्या हातातला डोनट तिथेच राहिला. चूक तिने झटक्यात दुरुस्त केली. वर कसलीही खबर गेली नाही.”

तिसरा आवाज स्टोक्स यांचा होता. सकाळी ते रिकामी शववाहिका घेऊन येत असताना धुक्यात पांढरे बूट दिसले आणि ते थांबले. वर्नेलला आधी मिसेस पर्डींकडे सोडलं, दुपारी तिथूनच व्यापाऱ्याकडे नेलं.

“मी म्हटलं, पोरी, भिऊ नकोस. जिवंत माणसाला मी पुढच्या सीटवर बसवतो.” मग त्यांचा आवाज खाली आला. “दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर धुक्यात एक माणूस चालत होता. बुटांवर सिमेंट. मी थांबलो नाही. म्हटलं, शववाहिका थांबलेली पाहून भिईल बिचारा. तेव्हापासून मी सगळ्यांसाठी थांबतो.”

माझ्या आतला मोजणारा आवाज तेव्हा थांबला.

वर्नेल म्हणाली, “मिस्टर स्टोक्स, गाडीचे हप्ते संपले की तुमचे सुरू.”

“तुझं माझ्याकडे काही देणं नाही. कोर्टाचा कागद आहे माझ्याजवळ.”

“ते कोर्टाने सांगितलं. मी कुठे सांगितलं?”

“इमोजीनचं मनावर घेऊ नकोस गं.”

“तिच्यासाठी नाही. क्लिऑन तिथे उसन्या जागेत झोपलाय असं वाटतं मला.”

पुढचे पाच हप्ते वेळेवर गेले. चोविसावा भरला तेव्हा व्यापाऱ्याने गाडीचे कागद दिले आणि नावापुढचा आकडा बराच वर आल्याचं सांगितलं. मला काढायला मात्र कुणी आलं नाही. त्याच हिवाळ्यात ट्रूमन वारला होता, आणि नव्या पोराला जुन्या डबीसाठी वेळ नव्हता. माझी तार तेवढी तोडली. आता मला हुकूम येत नाही, माझा एकही दिवा लागत नाही. माझ्यावर धूळ बसली आहे. मी कुणाला अडवू शकत नाही, आणि याचं मला वाईट वाटत नाही.

परवा पाच तारीख होती. सकाळी वर्नेल गाडीत आली. तिने मांडीवर पाकीट ठेवलं, नोटा एकदा मोजल्या आणि पाकिटावर पेन्सिलीने ‘पहिला’ असं लिहिलं. किल्ली एकदाच फिरली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि स्टोक्स यांच्या दुकानाकडच्या रस्त्याला लागली.