मालकाने परस्पर बोलू नये

फौजेत वीस वर्षं काढली, पण फलटणच्या घरमालक संस्थेनं करून घेतली तशी कवायत कुणी करून घेतली नाही.

घर माझं. नोकरीत असताना बांधलं आणि एकही दिवस न राहता संस्थेच्या ताब्यात दिलं. भाडेकरू त्यांनी बघायचा, भाडं त्यांनी गोळा करायचं, कौलं त्यांनी चाळायची. सरहद्दीवरच्या माणसाला आणखी काय पाहिजे? करारात एक कलम होतं: मालकाने भाडेकरूशी परस्पर बोलू नये, घराकडे फिरकू नये. मी सही ठोकली.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात पेन्शनीवर आलो आणि थोरल्या भावाच्या एका खोलीत उतरलो. आमची हौसा आटपाडीला दिलेली, तिला पाचवा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे. भावजयीनं तर सांगूनच टाकलं, आमच्यात बाळंतिणीची खाट टाकायला जागा नाही. दुसऱ्याच दिवशी मी संस्थेत अर्ज दिला: भाडेकरू काढून माझं घर मला द्यावं.

मॅनेजर भाऊसो गोड माणूस. चहा पाजायचा आणि सांगायचा की संचालकांची मीटिंग झाल्याशिवाय काही होत नाही. मीटिंगला पाच जण लागत. कधी तीन यायचे, कधी चार. कुणी कारखान्याच्या निवडणुकीत, कुणी लग्नात. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. बायको, राहीबाई, म्हणाली की भाडेकरूला जाऊन विचारा तरी, माणूसच आहे तो. मी तिच्यावरच डाफरलो. लिहून दिलंय म्हणजे दिलंय! त्या गल्लीत पाय पडू नये म्हणून मी बाजाराला वळसा घालून जायचो. त्याचा वर अभिमान. गाढव होतो, दुसरं काय.

आषाढात व्याह्यांचं पत्र आलं. हौसाला आठवा लागला, आता एसटीनं हलवता येणार नाही, बाळंतपण इकडंच करतो. राहीबाईनं डिंक, खारीक, बाळंतविडा माझ्या फौजी ट्रंकेत भरला आणि आम्ही स्टँडवर गेलो.

सांगलीच्या गाडीतून उतरलेला एक माणूस ट्रंकेवरचं नाव वाचून थांबला. त्यानं नाव सांगितलं तेव्हा कळलं, हाच माझा भाडेकरू, चांदसाहेब शिंपी. पाच वर्षांत पहिल्यांदा तोंड बघितलं.

“आवं हवालदार, मी पाडव्यालाच घर सोडलंय,” तो म्हणाला. “सांगलीत दुकान टाकलंय. किल्ली भाऊसोकडं हाय. घर सोडल्याचा कागद मिळंना, म्हणून हेलपाटे घालतोय.”

राहीबाईला तिथंच ठेवून मी संस्थेत गेलो. भाऊसोनं खण उघडला. किल्ली तिथंच होती.

“मला सांगितलं का न्हाईस?”

“तुमचा अर्ज भाडेकरू काढायचा. त्यानं आधीच घर सोडल्याचा अर्ज दिलाय. दोन विषय झालं, दोन्ही मीटिंगपुढं हायती,” भाऊसो म्हणाला आणि चहा सांगायला उठला.

मी किल्ली उचलून निघालो. मागून तो पावतीवर सही मागत होता.

स्टँडवर राहीबाईपुढं किल्ली धरली आणि काय झालं ते सांगितलं. वाटलं, ही आता चारचौघांत माझी लाज काढणार. काढली असती तर बरं झालं असतं. तिनं किल्लीला हातसुद्धा लावला नाही.

“पोरीला ह्यातलं काय बोलू नगा,” ती म्हणाली. “आईबाला घर न्हवतं, असंच समजू दे तिला.”

आटपाडीची गाडी लागली होती. मी ट्रंक उचलली.