हुकूम त्यांचा, हात माझा

आमची गाडी ऑटोमॅटिक आहे, हे आमच्या ह्यांना कधी मान्यच नव्हतं. उभा जन्म बस चालवण्यात गेला. गिअर आपोआप पडतो म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. लीव्हर डीवर ठेवला की जुनी असली तरी आमची गाडी आपलं आपण बघते. पण हे आधी एकवर टाकत, मग दोनवर आणि अगदी नाइलाज झाला की डीवर. मशीनला पुढचा चढ दिसतो का, हा त्यांचा सवाल. मी त्या लीव्हरला हात लावायचा नाही, असा घरचा कायदा होता.

अशात ते शिडीवरून पडले आणि डावा हात प्लॅस्टरमध्ये गेला. नेमकं त्याच आठवड्यात टेकडीपलीकडे राहणाऱ्या माझ्या ताईचं ऑपरेशन झालं. घरी ती एकटी, आणि मला गाडी येत नाही. हे म्हणाले, प्लॅस्टर निघेपर्यंत थांब. मी म्हटलं, डीवर टाका आणि उजव्या हाताने स्टिअरिंग धरा. त्यावर त्यांनी असं तोंड केलं, जणू मी जेवणात मातीच कालवली होती. शेवटी तडजोड झाली: हुकूम त्यांचा, हात माझा.

निघताना ते "एक" म्हणाले. मी सरळ डीवर टाकला आणि लीव्हरवर स्वेटर पसरला. "दोन" म्हणाले; मी स्वेटरखाली हात ठेवून नुसता खांदा हलवला. चढावर पुन्हा "दोन", पुन्हा खांदा. गाडी मुकाट्याने वर चढली. हाताने टाकलं की बघ कशी ओढते, असं ते मलाच ऐकवू लागले. मी गालातल्या गालात हसले.

उतार लागला आणि हसू पळालं. गाडी सुसाट निघाली, ब्रेक दाबून दाबून जळका वास सुटला.

"दोन," हे म्हणाले, या वेळी अगदी हळू.

स्वेटर भिरकावून मी लीव्हर खरोखर मागे ओढला. इंजिन गुरगुरलं, गाडी आवरली.

ताईच्या दारात पोचलो.

"लीव्हर हलला की खट वाजतो," हे समोर बघत म्हणाले. "निघताना वाजला, मग थेट उतारावर."

कुठे तोंड लपवू असं झालं मला. "मग आधीच का नाही बोललात?"

"चढावर छान चालली होती," ते पुटपुटले.

प्लॅस्टर कधीच निघालं. आता हे चढावर लीव्हरला हात लावत नाहीत. उतार आला की मात्र दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मला म्हणतात, "दोन."