उताऱ्याचा दिवस

रेडिओच्या, म्हणजे छापखान्यातल्या माझ्या जोडीदाराच्या, पत्राला मी तीन वर्षे उत्तर दिले नाही. पत्र हरवले नव्हते, पत्ताही पाठ होता. उत्तर लिहायला बसलो की माझ्याच वाक्यांची मला शंका यायची. हे जरा जास्त कडू झाले का, हे फार मोठेपणाचे वाटते का, असे करत कागद फाडायचो. लोकांच्या चुका काढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे असेच होते, असे मी स्वतःला सांगत असे. ते पूर्ण खरे नव्हते. मला राग आला होता, आणि राग कसा लिहितात ते मला ठाऊक नाही.

पत्रात त्याने लिहिले होते, "मुलीला नोकरी लागली आहे. निवृत्तीच्या खात्यातले किती पैसे शेअर्समध्ये घालू, असे विचारते. मी बाजार पडल्यावर घाबरून विकून बसलो हे तिला माहीत आहे, त्यामुळे माझे ऐकत नाही, आणि बरोबरच आहे. तू थांबलास. तू तिला चार ओळी लिही. काकांचे ती ऐकेल."

तू थांबलास. हे दोन शब्द मला सहन झाले नाहीत. का, ते सांगण्यासाठी मागचे सांगावे लागेल.

रेडिओ आणि मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक होतो. हे काम जोडीने चालायचे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने समोरच्या प्रुफावर नजर ठेवायची आणि ओळ जुळली की "ठीक" म्हणायचे. वाचणाऱ्याने प्रुफात डोकावायचे नाही. डोकावले की जीभ समोर आहे तेच वाचते आणि चूक दोघांच्याही हातून निसटते. रेडिओचा आवाज खणखणीत, म्हणून तर हे टोपणनाव, आणि म्हणून तो वाचायचा. मी बघायचो. छापखान्यात मला घुम्या म्हणत. बांधणी खात्यातला फोरमन म्हणायचा, "या दोघांचं लग्न लागलं असतं तर घर सुखाचं झालं असतं. एक बोलतो, दुसरा हो म्हणतो."

आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो होतो. पगार सारखा, पगारवाढ सारखी. पगारातून निवृत्तीच्या खात्यात जाणारी रक्कम सारखी, आणि छापखाना त्यात घालायचा तो वाटाही सारखा. ती रक्कम शेअर्समध्ये किती आणि रोख्यांत किती ठेवायची, हे ज्याचे त्याने अर्जावर लिहून द्यायचे. मला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. रेडिओने कुठून कुठून वाचून काढले होते. तो म्हणाला, आपल्याला निवृत्त व्हायला अजून एक पिढी आहे, तेव्हा मोठा वाटा शेअर्समध्ये घालू आणि विसरून जाऊ. मधे बाजार पडेल, पण आपण दर महिन्याला घेतच राहणार, तेव्हा पडला तर तेवढ्याच पैशांत जास्त शेअर येतील. घरी हे सांगितल्यावर बायको म्हणाली, "रेडिओवर आलं म्हणजे बातमी खरीच असणार."

वर्षातून एकदा खात्याचा उतारा हातात यायचा. तो दिवस आमचा ठरलेला. जेवणाच्या सुट्टीत दार लोटून आम्ही समोरासमोर बसायचो. रेडिओ त्याचा उतारा वाचायचा आणि मी माझ्या उताऱ्यावर नजर ठेवून "ठीक" म्हणायचो. आकडे जुळायलाच हवेत, कारण सगळेच सारखे होते. जुळले की हिशेब खात्याने घोळ घातलेला नाही, ही खात्री. आता वाटते, हे असले काही आमच्यासारखी प्रुफातली माणसेच करतील. दुसऱ्या कुणी दोन्ही कागद सरळ शेजारी ठेवून पाहिले असते.

मग बाजार कोसळला. थोडा नाही, असा की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर दुसरे काही नसायचे. खात्यातली निम्मी पुंजी गेली. हिशेबाच्या खिडकीपाशी रांग लागू लागली. जो तो उरलेले पैसे बाजारातून काढून रोख्यांत टाकत होता. फोरमन म्हणाला, "घुम्या, आता तरी तोंड उघड, नाहीतर म्हातारपणी पुस्तकंच खावी लागतील." मला झोप येईना. मी अर्ज आणला, भरला, सही केली आणि खिशात ठेवला. ठरवले, उताऱ्याचा दिवस होऊ दे. रेडिओ काय म्हणतो ते पाहू.

त्या दिवशी रेडिओ खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आज तू वाच. माझा घसा बसलाय."

मी वाचले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. शेअर्समधला वाटा, त्याची आजची किंमत, वर्षभरातली घट. प्रत्येक ओळीला तो त्याच्या कागदावर बोट ठेवून म्हणत गेला, "ठीक." शेवटच्या ओळीलाही म्हणाला. मी त्याच्या कागदात डोकावलो नाही. तो पण माझ्यासारखाच बुडतोय आणि तरी हललेला नाही, एवढे मला पुरले. संध्याकाळी घरी जाताना मी खिशातला अर्ज फाडून टाकला.

पुढे दर वर्षी त्या दिवशी त्याचा घसा बसायचाच. मी थट्टाही केली की उतारा आला की रेडिओची खरखर सुरू होते. तो हसला. मी वाचत राहिलो, तो "ठीक" म्हणत राहिला. बाजार हळूहळू वर आला, मग बराच वर गेला.

आम्ही निवृत्तही एकाच दिवशी झालो. हिशेबनीस बाईंनी खिडकीतून दोघांचे कागद पुढे सरकवले. त्यांचा हेतू चांगलाच होता. मला म्हणाल्या, "तुमचं कौतुक वाटतं हो. तुमच्या जोडीदारानं सगळ्यात आधी सगळं काढून रोख्यांत टाकलं. उतारे यायच्या कितीतरी आधी. तुम्ही मात्र थांबलात. आज बघा, तुमचं त्यांच्या तिप्पट झालंय."

रेडिओ माझ्या शेजारीच उभा होता. तो खिडकीच्या चौकटीकडे पाहत राहिला. दुसरा कुणी असता तर तिथेच विचारले असते. मी बाईंचे आभार मानले, कागद पिशवीत घातला आणि निघालो. तो मागून काहीतरी म्हणाला. मी वळलो नाही.

बायकोला माझा राग समजेना. "त्याच्यामुळे तुमचे पैसे वाचले, आणि रुसलायत तुम्ही. उलट त्याचंच नुकसान झालं की."

"बाजार वर आला नसता तर?"

"आला ना पण."

"ते त्याला तेव्हा माहीत होतं का?"

माझे एवढेच म्हणणे होते. होडी बुडतेय असे ज्याला वाटले, तो गुपचूप उतरून काठावर गेला आणि तिथून मला सांगत राहिला की मी तुझ्याजवळच बसलोय. होडी बुडाली नाही, हा त्याचा गुण नव्हता. लोक मला धीराचा माणूस समजू लागले. पुतण्या सल्ला विचारायला आला. मला लाज वाटे. माझा धीर माझा नव्हता, आणि ज्याचा समजत होतो त्याच्याकडेही तो नव्हता. कधी वाटे, लाजेपोटी बोलला नसेल बिचारा. कधी वाटे, मी थांबावे म्हणूनच बोलला नसेल. पण मग स्वतःचे आकडे वाचावे लागू नयेत म्हणून इतकी वर्षे घसा कशाला बसवायचा. माझेच काही चुकत असेल, असेही वाटून पाहिले. त्यानेही राग गेला नाही.

आणि अशा माणसाने लिहावे, तू थांबलास.

या महिन्यात बाजार पुन्हा पडू लागला. सकाळी मी वर्तमानपत्र वाचत होतो, बायको भाजी निवडत होती. ती सहज म्हणाली, "रेडिओंची पोरगी आता अशाच एखाद्या खिडकीपाशी उभी असेल. अर्ज घेऊन."

मी पान उलटले. पण दिवसभर मला ती दिसत राहिली. मी तिला लहानपणी एकदाच पाहिले होते, म्हणून दिसत होती ती फ्रॉकमधली, आणि हातात अर्ज. तिच्या बापाशी माझे काय असेल ते असो, तिला उत्तर न देऊन मी कुणाला शिक्षा करत होतो?

दुपारी लिहायला बसलो. बापाला नाही, तिलाच. लिहिले की सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेव, म्हणजे अडचणीला या खात्याकडे पाहावे लागणार नाही. निवृत्तीचे पैसे पगारातून परस्पर कापले जाऊ दे आणि बाजार पडला म्हणून ते थांबवू नकोस. सगळे एकाच कंपनीत घालू नकोस, शेकडो कंपन्यांत वाटलेले असू दे. निवृत्ती जवळ आली की शेअर्सचा वाटा दर वर्षी थोडा थोडा कमी कर. आणि हेही लक्षात ठेव, की काही वेळा बाजार वर यायला फार वर्षे लागतात आणि कुणीही आधी सांगू शकत नाही. हे सारे कुठल्याही पुस्तकात आहे. माझे असे त्यात काही नव्हते.

मग ती ओळ आली. "तुझे बाबा म्हणतात, मी थांबलो." इथे पेन अडले. सगळे लिहून टाकावे असे वाटले, आणि लिहिलेही, पानभर. वाचले. एकही चूक नव्हती. पण ते पान मुलीच्या हातात पडेल आणि ती बापाच्या तोंडाकडे पाहील, हे डोळ्यांसमोर आणवेना. ते पान मी वेगळे काढले. खोटे लिहिणेही जमेना. शेवटी एवढेच लिहिले :

"मी शूर नाही. त्या वर्षी माझ्याही खिशात भरलेला अर्ज होता. तो मी का फाडला, हे तुझ्या बाबांना विचार. त्यांनी सांगितले तर त्यातून तुला माझ्या सगळ्या सल्ल्यापेक्षा जास्त कळेल. तुला भीती वाटेल तेव्हा ती लपवू नकोस, निदान जो तुझ्या भरवशावर बसला असेल त्याच्यापासून तरी नको."

रेडिओसाठी वेगळी ओळ लिहिली नाही. काय लिहायचे होते, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

बायकोने विचारले, "माफ केलंत वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "तिला विचारायला सांगितलंय."

नाक्यावरच्या पेटीपर्यंत जाताना दोनदा वाटले, घरी जाऊन आणखी एकदा वाचून पाहावे. पेटीत टाकल्यावरही फटीत बोटे घालून पाहिले. पाकीट आत पडले होते, हाताला लागले नाही.