थबक्याचे सहा गुडघे

तिने सत्तावीस वर्षं एका लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि ती मेणात एकेक दात बसवून, हिरडीला खऱ्यासारखा रंग देऊन कवळी तयार करायची. पुढे ते काम यंत्र करायला लागलं आणि लॅबने तिला घरी बसवलं. दिवसभर हातांना चाळा नाही म्हणून ती चिडचिडी झाली.

त्यावर तोड काढली धाकट्याने. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला आणि लहानपणापासून विज्ञानकथांच्या नादाला लागलेला. दोघांनीही लग्न केलं नव्हतं, आई गेल्यावर एकाच घरात राहत होते. एके दिवशी त्याने पॉलिमर क्लेची चार पाकिटं तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, कवळ्या खूप झाल्या, आता माझे प्राणी कर.

त्याच्या डोक्यात परग्रहांवरचे प्राणी होते, ढिगाने. ती क्ले मळून मऊ करायची, पोटात फॉइलचा गोळा घालायची, कवळ्यांच्याच हत्यारांनी डोळे आणि खवले कोरायची, ओव्हनमध्ये अर्धा तास भाजायची आणि पाठीला पिन चिकटवून ब्रोच पुरा करायची. सोबतचं कार्ड धाकटा लिहायचा. हा प्राणी कुठे राहतो, काय खातो, कशाला घाबरतो.

पहिला प्राणी थबक्या. त्याच्या ग्रहावर दिवस अकरा वर्षांचा, म्हणून त्याला कसलीच घाई नाही. अंगठ्याएवढ्या ब्रोचवर सहा गुडघे करता करता तिचे डोळे दुखले. तीन पुरेत की, असं ती कुरकुरली.

"तिथे वजन चौपट आहे, ताई," तो म्हणाला. "तीन गुडघ्यांवर बिचारा कोसळेल."

तिने सहा केले.

विज्ञानकथांच्या चाहत्यांचा वर्षातून एकदा मेळावा भरायचा. तिथे त्यांच्या टेबलाशी झुंबड उडायची. लोक आधी कार्ड वाचायचे, मग ब्रोच कोटाला लावायचे. त्याला ते सर म्हणत आणि तिला कवळीताई. हे नाव तिला मनापासून आवडायचं.

मग धाकट्याने एकच कार्ड दोनदा लिहिलं. नंतर एक अर्धंच सोडलं, आणि कुठलं वाक्य लिहीत होतो ते त्याला सांगता येईना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की हा थांबणारा नाही. तिने कोणाला कळू दिलं नाही. त्याच्या जुन्या वह्या धुंडाळून ती कार्डं स्वतःच लिहायला लागली. शाळेत तिला निबंधात कधी धड मार्क पडले नव्हते, तरी रेटलं.

मेळाव्याला तीन आठवडे होते. दुपारी तिने ओव्हनमधून ट्रे काढून ओट्यावर ठेवला. चाळीस प्राणी, सगळे डोळे वटारून वर बघणारे. धाकटा पाणी प्यायला आत आला, त्याने ते पाहिलं आणि तो किंचाळला. तिने पुढे व्हायच्या आत त्याने तापलेला ट्रे दोन्ही हातांनी खाली ढकलला आणि चपलेने तुडवायला लागला. भाजलेली क्ले गार होईपर्यंत मऊच असते. सगळ्यांचा चेंदामेंदा झाला.

तिने त्याचे तळवे नळाखाली धरले.

"बाई, तुम्ही असलं काही घरात का ठेवता?" त्याने विचारलं.

साठ वर्षांत त्याने तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. ती नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली. हाताची आग थांबली तरी तिला नळ बंद करायचं सुचलं नाही.

मेळाव्याला ती एकटीच गेली. धाकट्याजवळ शेजारीण बसली. उरलेसुरले ब्रोच मांडून तिने प्रत्येकाला सांगितलं की सरांना जरा ताप आहे. त्यांच्या जुन्या चाहत्यांत एक बस ड्रायव्हर होता, सगळी कार्डं अल्बममध्ये लावून ठेवणारा. त्याने थबक्याचं नवं कार्ड वाचलं, परत वाचलं आणि हळू आवाजात म्हणाला, "इथे लिहिलंय थबक्या शीळ घालतो. तिथे तर हवाच नाही, ताई. हे सरांनी लिहिलेलं नाही."

तेव्हा तिने सगळं सांगितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. ड्रायव्हरने विचारलं, मी येऊन वाचून दाखवू का? आपलंच लिहिलेलं ऐकून काहीतरी जागं होईल.

तो रविवारी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. धाकट्यासमोर बसून त्याने एकेक कार्ड वाचलं. धाकटा हनुवटीला हात लावून ऐकत होता, वर्गात एखाद्या हुशार मुलाचं ऐकावं तसं. थबक्याचं कार्ड आलं आणि त्याने मध्येच विचारलं, "तिथे वजन किती?"

"चौपट, सर!"

"मग पाय भक्कम हवेत." दारात उभ्या असलेल्या तिने चौकट घट्ट धरली. धाकटा पुढे म्हणाला, "छान आहे. कोणी रचलंय हे?"

"तुम्हीच, सर."

तो हसला, कोणी उगीच कौतुक केलं की माणूस संकोचून हसतो तसा. मग त्याने तिच्याकडे बोट करून हलकेच विचारलं, "या तुमच्याबरोबर आल्यात का?"

ड्रायव्हरने अल्बम मिटला. थोड्या वेळाने तो उठला, अल्बम काखेत मारून, मान खाली घालून गेला. त्याच्या मागे दार लावायला ती वळली, तर धाकटा अदबीने म्हणाला, "ते निघाले, आता तुम्हीही निघा. अंधार पडेल."

वाद घातला की तो घाबरतो, हे तिला आता माहीत झालं होतं. तिने चप्पल घातली, बाहेर आली आणि जिन्यात उभी राहिली. खालच्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला होता. तिला रडायचं होतं, पण रडूही येईना. दहा मिनिटांनी तिने बेल वाजवली.

धाकट्याने दार उघडलं. मी कामाला आलेय, असं तिने सांगितलं.

"या, बसा," तो म्हणाला. "ताई बाहेर गेलीय. येईल इतक्यात."

ती आत जाऊन खुर्चीवर बसली. तो समोर बसला. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, ताईला इतका उशीर कसा झाला, असं ती कधी करत नाही. त्याने दोनदा उठून खिडकीतून खाली पाहिलं.