एकशे बारा खटके

“चष्मा इकडे दे. घड्याळ पण. आणि चपला काढ, पायात राहिल्या तर थेट समुद्रात जातील.”

बाबांनी हात पुढे केला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आजवर हे सगळं उलट होत आलंय. चष्मा, घड्याळ, चपला सांभाळत कठड्यापाशी उभी राहायची ती, आणि वर जायचे ते. सहा वर्षांची असल्यापासून तिनं हेच काम केलं होतं. समुद्रकाठची आणि आतल्या गावांतली मिळून सतरा रोलर कोस्टर तिनं खालून पाहिली होती. एकाही गाडीत पाऊल टाकलं नव्हतं. आज चव्वेचाळिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा रांगेत उभी होती.

“बाबा, नाही बसले तर नाही का चालणार?”

“चालेल की. न चालायला काय झालंय?” त्यांनी तिचा चष्मा सदऱ्याच्या खिशात घातला. “उद्यापासून म्हातारीला पाडायला घेतायत. शेवटच्या दिवशी आपल्या घरातलं कुणीतरी तिच्यात असावं, एवढंच. डॉक्टरनं मला बंदी घातली नसती तर तुला कशाला गळ घातली असती?”

म्हातारी म्हणजे समोरचं लाकडी रोलर कोस्टर. खाऱ्या वाऱ्यानं तिच्या पांढऱ्या रंगाचे पोपडे निघाले होते. वळणावर गाडी आली की अख्खा सांगाडा खालपासून वरपर्यंत कुरकुरायचा. बाबा म्हणायचे, “कुरकुरतंय ते बरं. न हलणारं लाकूड मोडतं.”

ते चाळीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. “जन्मभर लोकांना वर नेलं, खाली आणलं,” असं ते पाहुण्यांना सांगायचे, “पण उतरताना हसलेला माणूस एक नाही पाहिला.” म्हणून सुट्टी मिळाली की ते हसत उतरणारी माणसं बघायला निघायचे. आई असेपर्यंत तीही यायची, कोस्टरकडे पाठ करून बाकावर बसायची आणि सगळं संपल्यावर विचारायची, “आलं का आमचं माणूस खाली?”

बाबांची एक पद्धत होती. बागेत शिरलं की आधी तासभर चढाखाली उभं राहायचं, डोळे मिटून. चढावर गाडी साखळीनं ओढली जाते. तिच्या पोटाखाली एक लोखंडी खटका असतो. तो रुळांमधल्या दात्यांवर एकेक करत पडत जातो. टक, टक, टक. साखळी तुटलीच तर खटका दात्यात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही. म्हातारीच्या चढाला दाते एकशे बारा. बाबा मोजायचे. एकशे बारा भरले की मगच चपला काढून लेकीच्या हातात द्यायचे. इतक्या वर्षांत तीन ठिकाणी त्यांनी नुसतीच मान हलवली होती आणि सगळ्यांना घेऊन घरी परतले होते. त्यांतलं एक कोस्टर पुढच्याच आठवड्यात दुरुस्तीसाठी बंद झालं. तेव्हापासून देवावर नसेल एवढा तिचा भरवसा त्या दोन कानांवर होता. तरीही गाडी शेंड्यावरून खाली झेपावली की ती डोळे गच्च मिटायची. एकदा मुठीत धरलेल्या त्यांच्या चष्म्याची काच तिनं अशीच तडकवली होती. बाबा तेव्हा रागावले नाहीत.

आज मात्र त्यांनी तासभर ऐकलं नव्हतं.

“पाय भरून येतात,” ते म्हणाले. “आणि हिचं काय ऐकायचं? तीस वर्षांची ओळख आहे. तू चढ, मी खालून मोजतो. तूही मोज. मन गुंतलं की भीती कमी वाटते.”

बटणं सांभाळणारी बाई वीस वर्षं त्याच खोपटात बसत होती. बाबांना ओळखत होती. “काय काका, आज लेकीला पाठवताय होय? या मॅडम, पुढच्या डब्यात बसा. पुढं काय येतंय ते निदान दिसतं.”

“ते न दिसलेलंच बरं,” ती म्हणाली.

शेजारी एक स्थूल गृहस्थ येऊन बसले. दोघांना मिळून अडकवणारी लोखंडी दांडी त्यांच्या पोटावर टेकली, पण तिच्या मांडीपासून चार बोटं वरच राहिली. ती चार बोटं तिनं तीनदा मोजली.

“पहिलीच वेळ?” गृहस्थांनी विचारलं.

“हो.”

“माझी तिसरी. भीती जात नाही हो, सवय होते. लग्नासारखंच.”

“ऐकू येतंय हं मला,” मागच्या डब्यातून बायकोचा आवाज आला.

गाडीला हिसका बसला. खाली साखळीनं पकड घेतली आणि पहिला खटका तिच्या पायांखालीच पडला. एक. दोन. तीन. तिनं दांडी इतकी घट्ट धरली की बोटांची टोकं बधिर झाली. वीसपर्यंत फलाट दिसत होता. तीसपर्यंत झाडांचे शेंडे. नंतर दोन्ही बाजूंना काहीच उरलं नाही, फक्त समोर चढ आणि चढाच्या वर रिकामं आकाश. चष्म्याशिवाय समुद्र नुसता राखाडी पट्टा होता. पन्नास. साठ. वारा एका अंगानं यायला लागला. आता उतरते म्हणायची सोयच नाही, हे कळून तिच्या जिभेवर कडू चव आली. सदुसष्ट. अडुसष्ट.

धाडकन सगळं थांबलं.

वारा होता, आणि पायांखाली फळ्या हळूहळू कुरकुरत होत्या. मग अगदी खालून, जणू विहिरीतून, बाबांचा आवाज आला; ते अजून ओरडतच होते. “थांबव! खटका बंद पडलाय! थांबव गाडी!”

“म्हणजे?” शेजारचे गृहस्थ म्हणाले. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. “म्हणजे आता साखळी सुटली तर आपण मागे?”

पाठीमागचा सगळा उतार तिला न बघताच दिसत होता. आणि त्याच वेळी डोक्यात एक आकडा अडकून बसला होता. अडुसष्ट. अडुसष्टावा तिनं ऐकला होता. तळपायांना जाणवला होता. खटका तर पडत होता.

भीती होती तेवढीच राहिली, पण तिनं जागा बदलली. आता ती साखळीची नव्हती, बाबांच्या कानांची होती.

बटणवाली बाई चढाच्या कडेनं वर आली. एकेक दांडी किल्लीनं सोडवत तिनं सगळ्यांना कडेच्या अरुंद पायऱ्यांवर घेतलं. “खाली बघू नका. कठडा सोडू नका. सावकाश.” पायऱ्यांच्या फटींतून खालचं गवत दिसत होतं. ती अनवाणी होती. लाकडातले खिळ्यांचे गार माथे तळव्यांना लागत होते. प्रत्येक पायरीवर ती थांबत होती आणि मागचे गृहस्थ म्हणत होते, “चला बाई, चला, माझेही पाय लटपटतायत.”

खाली बाबा फलाटावर उभे होते. तिच्या चपला त्यांनी छातीशी धरल्या होत्या. त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

फिटर आला, बॅटरी घेऊन चढाखाली शिरला, वरही जाऊन आला. हात पुसत म्हणाला, “खटका ठणठणीत. दाते ठणठणीत. काका, तुम्हाला कुठवर ऐकू आला?”

“चाळीस. एक्केचाळिसावा पडलाच नाही.”

“वारा असेल.”

“वाऱ्यातच तीस वर्षं ऐकतोय मी.”

“अहो आजोबा, आधी कान तपासून घ्या!” स्थूल गृहस्थांचा रंग परत आला होता, आणि रंगाबरोबर रागही. “एवढ्या उंचीवर टांगून ठेवलंत आम्हाला!”

“काकांचं कधी चुकत नाही,” बाई म्हणाली. “ते थांबव म्हणाले आणि माझा हात आपोआप बटणावर गेला.”

फिटरनं मान खाजवली. “हे बघा, आमचा नियम सरळ आहे. गाडीतल्या माणसानं जर सांगितलं की वर खटका वाजत नव्हता, तर आज ती परत चालवायची नाही. म्हणजे म्हातारीचं संपलं, शेवटची फेरी झाली समजा. आणि वाजत होता म्हणालं, तर एक रिकामी फेरी मारून पुन्हा सुरू.” तो तिच्याकडे वळला. “मॅडम, तुम्ही सगळ्यात पुढे होतात. वर आवाज येत होता का?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

‘नव्हता’ म्हटलं की झालं. पुन्हा त्या दांडीखाली बसायला नको. बाबा ताठ मानेनं घरी येतील. उद्या कोस्टरच्या फळ्या ट्रकमध्ये पडतील, कोण तपासायला बसलंय? एवढं स्वस्त, कुणाचंच काही न बिघडवणारं खोटं तिला आयुष्यात पुन्हा मिळालं नसतं. तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी असती तर ती बोललीही असती खोटं. पण ते नुसते ऐकायला उभे होते. किंचित पुढे झुकून, एक कान तिच्याकडे करून.

माणसाबद्दल एक वेळ खोटं बोलावं, यंत्राबद्दल बोलू नये, असं ते हाताखालच्या पोरांना सांगायचे.

“येत होता,” ती म्हणाली. आणि त्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा, मोठ्यानं, “येत होता. मी मोजत होते. अडुसष्टावा पडला आणि गाडी थांबली.”

बाबांनी मान डोलावली. हात कानापर्यंत गेला, पण कानाला न लावता त्यांनी केस सारखे केले.

“अडुसष्ट,” ते म्हणाले. “म्हणजे अठ्ठावीस मला आलेच नाहीत.”

मग ते फलाटावरच्या एकेका माणसासमोर जाऊन उभे राहिले. “माझी चूक झाली. खटका चांगला आहे. निर्धास्त बसा.” प्रत्येकाला तेच, तेवढंच. ती मागे चपलांशिवाय उभी होती आणि तिला ते थांबवता येत नव्हतं. स्थूल गृहस्थांची पाळी आली तेव्हा ते वरमले. “असू द्या हो, असू द्या. समुद्र तरी बघायला मिळाला वरून.”

“डोळे मिटलेले होते यांचे,” बायको म्हणाली.

रिकामी गाडी सोडली तेव्हा ती बाबांबरोबर चढाखाली, त्यांच्या नेहमीच्या जागी गेली. त्यांनी डोळे मिटले. चाळिसापर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

“आता?”

“वाजतोय.”

“आता?”

“वाजतोय, बाबा.”

गाडी शेंड्यावर पोचेपर्यंत ते विचारत राहिले. शेवटी म्हणाले, “भरले?”

“भरले. एकशे बारा.”

“कधीपासून आहे हे?” तिनं विचारलं.

“काय ठाऊक.” ते वर बघत होते. “दोन-एक वर्षं इथं पक्ष्यांचा आवाज कमी झाला होता. मला वाटलं, पक्षीच कमी झाले.”

किनाऱ्यावरचे पक्षी त्या क्षणीही कलकलत होते. मागची दोन वर्षं तिच्या डोळ्यांपुढून सरकली. याच दोन वर्षांत ते स्वतः या गाडीत चार वेळा बसले होते, चाळिसापुढचं न ऐकता. आणि ती खाली त्यांचा चष्मा धरून, त्यांनी ऐकलंय ना, मग काही होणार नाही, असं स्वतःला समजावत उभी होती. तिला आता कळलं, की जगात कुठेही काही कुरकुरलं, की ती मनातल्या मनात त्यांच्याकडे बघत आली होती.

“चल घरी,” बाबा म्हणाले. “नको बसूस. झालं तेवढं पुरे झालं.”

“का? खटका चांगला आहे म्हणालात ना सगळ्यांना?”

“खटका चांगला आहे.” त्यांनी तिच्या चपला खाली ठेवल्या आणि तिच्या पायांसमोर नीट जोडीनं लावल्या. “पण तू चाळिसाच्या वर गेलीस की मला काही कळणार नाही. कशी उभी राहत होतीस गं तू इतकी वर्षं?”

बाबांच्या तोंडून भीतीची गोष्ट तिनं पहिल्यांदा ऐकली. वर फलाटावर बाई दांड्या उघडत होती, गृहस्थ आणि त्यांची बायको पुन्हा रांगेत लागली होती.

“लांबचं दिसतं ना तुम्हाला?” तिनं विचारलं.

“लांबचं स्वच्छ दिसतं.”

“मग इथंच उभे राहा. माझ्याकडे बघत राहा.”

चपला तिथंच ठेवून ती गेली. तोच डबा, शेजारी तेच गृहस्थ, तीच दांडी, मांडीवर तीच चार बोटं जागा. साखळीनं पकड घेतली. पहिल्या दहा खटक्यांना तिचा हात दांडीवरून सुटेचना. बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग तिनं उजवा हात कठड्याच्या बाजूला, खांद्यापासून सरळ वर केला. खटका पडला तसा खाली आणला. पुढच्याला पुन्हा वर. एका हाताची पकड सुटल्यावर शरीर किती हलकं होतं, सहज उचलून फेकता येण्याजोगं, हे कळून तिला रडू फुटलं. पण हात वर जात राहिला, खाली येत राहिला.

एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस.

तिनं मान वळवली. चष्म्याशिवाय चेहरा दिसत नव्हता. गवतावर एक पांढरा सदरा होता आणि त्याच्या बाजूनं एक हात तिच्याबरोबर वर येत होता, तिच्याबरोबर खाली जात होता. शंभर. एकशे दहा. शेंडा आला, पुढचा रूळ दिसेनासा झाला.

एकशे बारा. टकटक थांबली. तिनं दोन्ही हातांनी दांडी पकडली आणि गाडी कलायच्या आधी एकदाच मागे पाहिलं. मोजायचं संपलं होतं, तरी खाली तो हात तिच्यासाठी अजून वर जात होता, खाली येत होता.